केस गिऱ्हाईकाचे, मजुरी आपली

नांदेड, ३ फेब्रुवारी

लुंबिनी,

जय भीम. तू माझा नंबर ब्लॉक केलास, तुझ्या दाजींचा केलास, दुकानाचा तर केलासच. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच, कारण हे पत्र भांडणाचं नाही, धंद्याचं आहे. मला एक दर विचारायचा आहे. तो कळला की मी पुन्हा चौदा महिने गप्प बसेन.

इकडे सगळं उत्तम आहे. पार्लर जोरात चाललंय. तू लातूरला गेल्यापासून गर्दी कमी झाली असं कुणी तुला सांगितलं असेल तर ते खोटं आहे. गर्दी तेवढीच आहे, फक्त ती आता एका वेळी येत नाही. तुझी खुर्ची मी खिडकीकडे सरकवली आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालते.

तर झालं असं. परवा तरोडा नाक्याकडच्या साखराबाई नावाच्या एक बाई आल्या. सोबत लेक, दिपाली. पोरीचं नर्सिंग झालंय, येत्या सोळाला लग्न आहे, सासर मुखेडजवळच्या खेड्यात. मुलगी गोड आहे, पण केस खांद्याच्याही वर. होस्टेलच्या पाण्याने गेले म्हणे. लग्नात कमरेपर्यंत वेणी पाहिजे. मी नेहमीचा आकडा सांगितला, केसांसकट बारा हजार. साखराबाईंनी काखेतली पिशवी काढून टेबलावर उपडी केली. आत नुसतं गुंतवळ.

मूठ-दोन मूठ नाही. सतरा वर्षांचं गुंतवळ. दिपाली पाच वर्षांची असल्यापासून विंचरताना कंगव्यात आलेला केस न् केस बाईंनी बोटाला गुंडाळून त्या पिशवीत टाकलाय. केसांवर भांडी देणारी बाई महिन्याला दारात यायची. तिने वाटीपासून सुरुवात करून झाकणाच्या डब्यापर्यंत बोली वाढवली, पण यांनी दाद दिली नाही. "लेकीचे केस इकून डबा आनू का घरात?" असं मलाच विचारलं, जणू मी तो डबा घेऊन उभी होते.

मग दराची गोष्ट निघाली. "केस आमचे," बाई म्हणाल्या. "डोस्कं बी आमचंच. केस बी त्याच डोस्क्याचे. तुमी फकस्त जागच्या जागी ठिवायचे. त्याला पैसे कशाचे?"

 तुला यावर उत्तर सुचलं असतं. तू म्हणायचीस, गिरणीत गहू गिऱ्हाईकाचाच असतो, म्हणून कुणी दळण फुकट देत नाही. मी म्हणायचे, आपले केस लागत नाहीत ना, मग निम्मे घ्यावेत, गिऱ्हाईक खूश राहतं. या एकाच गोष्टीवरून तू भांडून गेलीस असं मी सगळ्यांना सांगते. आणि ते खरंच आहे, बऱ्यापैकी.

तुझे दाजी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बसून बसून तसेच झालेत. त्यांचं म्हणणं, ज्याचा माल त्याची जोखीम असं पावतीवर छापून घे आणि सही घे. मी म्हटलं, नवरीच्या आईकडून असं लिहून मागितलं तर ती पिशवी उचलून समोरच्या पार्लरात जाईल. तेव्हा एवढंच सांग, गिऱ्हाईकाने स्वतःचे केस आणले तर बसवायचे तू तिकडे किती घेतेस? शुक्रवारपर्यंत कळव.

अक्का


नांदेड, १८ फेब्रुवारी

लुंबिनी,

तुझं कार्ड चौदा तारखेला मिळालं. पन्नास पैशांचं कार्ड, त्यावर ना जय भीम, ना अक्का, ना खुशाली. एकच ओळ. "एकेक केस चोळून बुडखा-शेंडा वेगळा करणार असशील तर सात हजार घे, नाहीतर कामच घेऊ नकोस." पोस्टमनने ते जिन्यातच वाचलं असणार, कारण माझ्या हातात देताना त्याने "सात हजार कशाचे, ताई?" असं विचारलं.

आता तू रागावणार. मी काम तेरालाच करून टाकलं होतं. एकवीसशेत. साखराबाई अठराशेवर अडून बसल्या होत्या, मी ओढून ओढून एकवीसशेवर आणलं आणि वर एक ब्लाऊजपीस मिळालं. मोरपंखी आहे. चांगलं आहे.

चोळायची गोष्ट मला माहीत आहे, शिकवू नकोस. तू हैदराबादहून क्लास करून आलीस तेव्हा मला दाखवलं होतंस: केस चिमटीत धरून चोळला की तो आपोआप बुडख्याच्या बाजूला सरकतो, त्यावरून त्याचं वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळतं. सगळे बुडखे एका अंगाला लावले तरच केस केसावरून घसरतो, नाहीतर केसावरच्या बारीक खवल्यात खवला अडकून गुंता होतो. ऐकलंय मी सगळं. पण साडेतीनशे ग्रॅम केस एकेक करून चोळत बसले असते तर दिपालीच्या नातीचं लग्न उजाडलं असतं. एकवीसशेत काय काय करू? मी ते शिकेकाईने धुतले, वाळवले, विंचरले, मशीनवर पट्ट्या शिवल्या, तिच्या केसांच्या बारीक वेण्या घालून काळ्या दोऱ्याने त्यांवर टाचल्या. माझी शिवण तुला माहीत आहे. देवाच्या बापाला उसवायची नाही.

आणि लग्नात ती अशी दिसली म्हणून सांगू. फोटो पाठवला असता, पण तू ब्लॉक केलंयस. सासू, रुक्मिणबाई म्हणून आहेत, त्यांनी मांडवात सगळ्यांसमोर वेणी हातात घेऊन चांगली ओढून पाहिली. वेणी हलली नाही. "खरी हाय," असं म्हणून त्यांनी ती खाली सोडली. कारण बघायला आले तेव्हा साखराबाईंनी पदराआड पोरीचे केस लांब असल्याचं ठोकून दिलं होतं. आता तू याला खोटं म्हणशील. केस तर तिचेच आहेत ना? फक्त मधल्या काळात पिशवीत होते.

एकंदरीत निम्म्याहूनही कमी दरात काम होतं आणि कुणाचं काही बिघडत नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

अक्का


नांदेड, ९ मार्च

लुंबिनी,

बिघडलं.

हसू नकोस. तू हसली नसशील म्हणा, तू हसण्यातली नाहीस, तू नुसती भुवई वर करतेस आणि ते हसण्यापेक्षा वाईट असतं.

काल साखराबाई आल्या. दुकानात बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "म्याडम, पोरीच्या डोस्क्यात देवी आली." मला काही उमगेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नानंतर आठ दिवस हळद-तेल डोक्यात तसंच होतं. नवव्या दिवशी सासूने सुनेला कौतुकाने स्वतः न्हाऊ घातलं. सगळे केस टाळूवर गोळा करून, साबण लावून, दोन्ही हातांनी खसाखसा घासले. आपली आई घोंगडी धुवायची तसे. वाळले तेव्हा तिथे केस नव्हते, एक गोळा होता. नारळाएवढा. कंगवा आत जाईना, बोट आत जाईना. दिपाली घाबरली, पण बोलणार काय? केस वरून बसवलेत हे सासरी ठाऊकच नाही. ती गप्प राहिली आणि रुक्मिणबाईंनी हात जोडले.

तिकडे जट आली की देवीचं बोलावणं समजतात, हे तुला सांगायला नको. जटेला कात्री लावायची नाही, कंगवा लावायचा नाही. रुक्मिणबाईंनी गोळ्याला हळद-कुंकू वाहिलं. शेजारच्या बाया ओटी घेऊन आल्या. निलंग्याहून त्यांची बहीण आली, ती तर म्हणे गोळ्याकडे बघून पाच मिनिटं रडली. गावात आजवर कुणी न विचारलेल्या रुक्मिणबाईंना आता सरपंचाची आई घरी येऊन चहा पिते.

मी दिपालीला फोन लावला. रडत असेल असं वाटलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, सध्या कुणाला काही बोलू नका. सगळे हरभरा काढायला चाललेत. मला उन्हात जायला लागंना झालंय. पहिला चहा मलाच देतात." मान दुखते म्हणाली, पण त्या बोलण्यात दुखण्यापेक्षा चहा जास्त होता.

आता खरं सांगू का? मला बरं वाटलं. कुणी तक्रार घेऊन आलं नाही, पैसे परत मागितले नाहीत, पार्लरचं नाव कुठे निघालं नाही. एखादी कंपनीसुद्धा देत नाही अशी माझ्या खराब कामाची हमी देवीने घेतली. जिला आपल्या घरात कुणी मानत नाही तिच्या आडोशाला मी निवांत बसले. तुझ्या दाजींना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "माल त्यांचा असला तरी पॅकिंग तुझं होतं." मग पुन्हा जेवायला लागले.

तू काय केलं असतंस ते मला विचारायचं नाही. उगाच कळवलं.

अक्का


नांदेड, १७ मार्च

लुंबिनी,

आज तुझ्याकडे काम आहे. सरळ लिहिते.

दिपालीला लातूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आहे. लग्नाच्या आधीच लागली होती, एक एप्रिलला हजर व्हायचंय. आता सासू म्हणते, जट असलेल्या बाईने दवाखान्यात रक्ता-मांसात हात घालायचा नाही. चैत्र पौर्णिमेला तिला देवीला नेणार, गळ्यात माळ घालणार, हातात परडी देऊन पाच घरं जोगवा मागायला लावणार. एकदा माळ पडली की ती निघत नाही. नवरा हनुमंत वाईट नाही, पण त्याला काही विचारलं की तो "आई म्हनंल तसं" म्हणतो आणि बैलाला पाणी दाखवायला जातो. परवा दिपालीचा फोन आला तेव्हा चहाचं नाव नव्हतं. "मॅडम, साडेतीन वर्षं शिकले मी. काहीतरी करा," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मी गेले होते, लुंबिनी. गुरुवारी मुखेडची एसटी धरून गेले. सांगायचंच असं ठरवून गेले. ओसरीवर बसले, पाणी घेतलं, "रुक्मिणबाई, ही जट नाही" असं म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांनी त्यात शिऱ्याचा घास घातला. देवीचा प्रसाद म्हणून. तो गिळेपर्यंत माझा धीरही गिळला गेला. मी गोळ्याला हात लावून पाहिला. बोटाने चाचपला तर आत माझीच शिवण लागली. मी नमस्कार करून परत आले. नमस्कार का केला ते मलाही माहीत नाही.

साखराबाईंनी तर शपथ घातली आहे. खरं सांगितलं तर केस लांब असल्याची थाप उघडी पडेल, सासरचे म्हणतील फसवलं, पोर माघारी पाठवतील. आणि खरं सांगून भागणार नाही, तो गोळा सोडवून दाखवावा लागेल. कापायला कुणी देणार नाही. न कापता सोडवायचं काम मला येत नाही. ते मराठवाड्यात कुणाला येत असेल तर तुला येतं. हे मी पहिल्यांदा म्हणत नाहीये, पाठीमागे खूप वेळा म्हटलंय.

मला माहीत आहे तुझ्या मनात काय येईल. तू म्हणशील, अक्का आणि कबुली? पंचशीला बाईंच्या वेळी काय झालं? झालं ते झालं, लुंबिनी. बाई शाळेतून घाईने आल्या होत्या, स्वतःचेच कापून ठेवलेले केस घेऊन. केस चिकटवायचा डिंक तापवायची इस्त्री जरा जास्त तापली. कानामागची एक बट जळाली, कातडीला फोड आला. दुकानात पाच बायका बसलेल्या. बाई ओरडल्या, आणि त्या गडबडीत तुझं नाव पुढे आलं. मी काही ठरवून केलं नाही. "ती नवीन आहे" असं काहीसं बोललं गेलं. तू दारात उभी होतीस, हे नंतर लक्षात आलं. त्यानंतर तू तुझ्या कात्र्या रुमालात बांधल्यास. मला वाटलं दरावरूनच रागावलीस, कारण सकाळी दरावरून बोलणं झालं होतं.

असो. त्यात आता शिरायला नको. येत्या रविवारी, तेवीसला, सकाळी दहाला मी मुखेडच्या स्टँडवर उभी राहीन. तू आलीस तर दोघी जाऊ. तुझा जो दर असेल तो मी देईन, घासाघीस करणार नाही. नाही आलीस तर एकटी जाईन, पण मग मी पुन्हा शिरा खाऊन येईन याची मला भीती वाटते.

अक्का


नांदेड, २५ मार्च

लुंबिनी,

तुझं दुसरं कार्ड शनिवारी मिळालं. "येते. कात्री आणू नकोस. बोलायचं काम तुझं." तू रविवारी स्वतः तिथे होतीस, तरी हे लिहिते आहे, कारण साडेचार तास तू मान वर केली नाहीस. तुला फक्त केस दिसले. माणसं मी पाहिली.

रविवार म्हणून जटेच्या दर्शनाला अंगण भरलं होतं. चाळीसेक माणसं असतील, लेकीला भेटायला आलेल्या साखराबाईही त्यांत. तू गोणपाटावर बसून खोबरेल तेलाची बाटली काढलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. स्टँडपासून तोवर तू माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हतीस, रिक्षाचे पैसेसुद्धा वेगळे दिलेस. मी उभी राहिले.  मी म्हटलं, "ही जट नाही. हे मी केलंय. नांदेडला माझं पार्लर आहे. पोरीचेच गळलेले केस होते, मी ते नीट लावून न घेता उलटसुलट शिवले, म्हणून गुंता झाला. चूक माझ्या हातची आहे. देवीची नाही, पोरीची नाही."

साखराबाईंनी पदर तोंडावर घेतला. रुक्मिणबाईंनी आधी मला, नंतर गोळ्याला न्याहाळलं. मग म्हणाल्या, "मंजे केस इकतचे?"

"विकतचे नाहीत," मी म्हटलं. "तिचेच. सतरा वर्षांचे. तिच्या आईने जमवलेले."

"सतरा वर्सं?" त्यांनी साखराबाईंकडे वळून पाहिलं. "भांडीवालीला न्हाई दिले?" साखराबाईंनी मान हलवली. त्या एका मान हलवण्याने थापेचा निम्मा राग गेला असं मला वाटलं. दोघीही गुंतवळ ठेवणाऱ्याच ना.

पण जटेची भीती तशीच होती. "हात लावला आन् कोप झाला तर? तुझं जाईल नाव, माजं जाईल घर," असं त्या म्हणाल्या. तेव्हा तू पहिल्यांदा बोललीस. खाली मान घालूनच. "मावशी, मी कापनार न्हाई. कात्री आनलीच न्हाई. नुस्तं सोडवून बघते. देवीची असंल तर माज्या हातून सुटायची न्हाई." लुंबिनी, हे मला शंभर वर्षांत सुचलं नसतं. रुक्मिणबाईंनाही त्यात खोट काढता आली नाही. त्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हाव. बघ."

मग तू खालच्या टोकापासून सुरुवात केलीस. तेल, चिमटी, सुई. एक एक बट सुटून दिपालीच्या खांद्यावर पडायला लागली तसे लोक पुढे सरकले. पहिल्या तासात चार म्हाताऱ्या निघून गेल्या. निलंग्याच्या बहिणीने दोनदा माझ्याकडे असं पाहिलं की मी तुझ्या मागे सरकले. हनुमंत बैलाकडे गेला नाही, तो दिपालीसाठी पाण्याचा तांब्या धरून उभा राहिला. दुपारी दोनच्या सुमारास तू थांबलीस, गोळ्यात बोट घालून फट केलीस आणि म्हणालीस, "मावशी, हितं बघा." आत माझी शिवण. काळा दोरा, दुहेरी, बारीक टाके.

रुक्मिणबाईंनी चष्मा लावला. दोरा नखाने वर उचलून पाहिला. "दोरा हाय," त्या म्हणाल्या. पुन्हा पाहिलं. "देवीला दोरा कशाला लागंल?"  त्या उठून आत गेल्या, दाढीचं पातं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "केसाला न्हाई लावत म्या. दोऱ्याला काय झालंय?" आणि टाके स्वतः कापले, एकेक करून, मोजत. एकशे बारा निघाले. "शिवन मात्र चांगली हाय बाईची," असं त्या शेवटी म्हणाल्या. माझ्या कामाबद्दल त्या दिवशी कुणी बोललेलं तेवढं एकच बरं वाक्य.

दिपालीने मान हलवून पाहिली, इकडे, मग तिकडे. मग ती सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मला वाटलं होतं आईकडे जाईल. रुक्मिणबाईंनी तिच्या तोकड्या केसांवरून हात फिरवला. देवी गेली, सरपंचाच्या आईचं येणं गेलं, ते दुःख त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तरी त्या म्हणाल्या, "एक तारखेला हजर व्हायचंय ना तुला? मग तेल धुवून टाक."

मग त्यांनी तुला विचारलं, किती झाले. आणि तू माझ्याकडे बोट केलंस. "केस यांचे. चूक हिची. मेहनत माजी. सात हजार हिनं द्यायचे." चाळीस माणसांसमोर. मी पर्स उघडली. साडेचार हजार होते. बाकीचे तुझ्या दाजींना फोन करून तुझ्या खात्यावर टाकायला सांगितले, तर ते म्हणाले, "पावती घे." तू पैसे आल्याचं पाहिलंस, हात धुतलेस आणि निघालीस.

स्टँडवर लातूरची गाडी यायला वीस मिनिटं होती. आपण एकाच बाकावर बसलो होतो, मधे तुझी पिशवी. मला वाटलं, आता बोलावं. चाळीस माणसांसमोर बोलता आलं, आता तर एकच माणूस आहे. मी तुला विचारलं, शेंगदाणे घेतेस का. तू नको म्हणालीस. गाडी आली.

अक्का


नांदेड, ६ एप्रिल

लुंबिनी,

दिपाली एकला हजर झाली. तुझ्याच गावात आहे, कधी दिसली तर तिचे केस बघ, तू सोडवलेस तसेच आहेत. मी दुकानात पाटी लावली आहे: स्वतःचे केस आणल्यास बसवण्याची मजुरी पूर्ण, निवडण्याची वेगळी. पाटी लावल्यापासून दोघी आल्या आणि दोघी गेल्या. तिसरी थांबली. मी तिचे दोनशे ग्रॅम केस तीन दिवस चोळत बसले. अंगठ्याची कातडी गेली. तू हे कसं करत होतीस आणि मी तुला त्याचे निम्मे पैसे कसे देत होते, याचा मी त्या तीन दिवसांत पुष्कळ विचार केला.

आणखी एक काम केलं. पंचशीला बाईंच्या दिवशी दुकानात पाच बायका बसल्या होत्या. पाचही जणी मला आठवत होत्या, कोण कुठल्या खुर्चीवर होती तेसुद्धा. मला वाटायचं मी विसरले आहे. गेल्या आठवड्यात मी चौघींच्या घरी जाऊन आले. एकीला काहीच आठवत नव्हतं, तिला आधी सगळी हकिकत सांगावी लागली आणि मग त्यातलं खोटं काय ते सांगावं लागलं. एक म्हणाली, तरीच, मला वाटलंच होतं, आणि चहासुद्धा विचारला नाही. पाचवी मुलाकडे उदगीरला राहायला गेली आहे. तिच्याकडे येत्या रविवारी जाणार आहे.

शेवटी पंचशीला बाईंकडे गेले. त्या वह्या तपासत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं, कानामागचे केस बाजूला करून दाखवले. केस आलेत, थोडी जागा पांढरी आहे. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला सांगितलंत ते बरं केलंत. तिला सांगितलंत का?"

मी म्हटलं, "तिला माहीतच आहे. ती दारातच उभी होती."

"तिला माहीत आहे, ते मला कळलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत का?"

मी घरी आले. ही सगळी पत्रं मी तुला लिहिली, त्यात कुठेतरी सांगितलं असेल असं वाटलं. मग आठवून पाहिलं. दर लिहिला, देवी लिहिली, शिरा लिहिला, हे कुठेच लिहिलं नाही. म्हणून आता लिहिते आहे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

लुंबिनी, पंचशीला बाईंचे केस मी जाळले. इस्त्री माझ्या हातात होती. मी घाबरले आणि सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं, कारण तू लहान आहेस आणि तू सोसशील हे मला ठाऊक होतं. तू तेव्हा दुकानात नव्हतीस. सकाळपासून माझं डोकं दुखत होतं, म्हणून तू खाली माझ्यासाठी चहा आणायला गेली होतीस.

तुझी,
सत्यशीला